श्रुतपंचमी, चौदा वह्या आणि एक कोरा फॉर्म



साखरांब्याबद्दल लिहिलं तेव्हा पुढचा लेख श्रुतपंचमीवर लिहीन असं कबूल करून बसले होते. ज्येष्ठ गेला, चातुर्मास सुरू झाला, दशलक्षण पर्वही होऊन गेलं, आणि आता घरोघर दिवाळीची साफसफाई चालू आहे. उशीर झाला त्याला कारण आहे. जे लिहायचं ठरवलं होतं ते अर्ध्यातच बदललं. सरळ सांगते, म्हणजे तुम्हालाही कळेल.

आमच्या डहाणूत दिगंबर घरं तशी मोजकीच. आमचं महिला मंडळ म्हणजे गुजराती, मारवाडी, मराठी, श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी, सगळ्या मिळून. श्रुतपंचमीला मी सगळ्यांना घरी बोलावते. शास्त्रं उन्हात ठेवायची, जुनी वेष्टनं धुऊन नवी घालायची, थोडं वाचन, मग अल्पोपहार. गिरनारच्या चंद्रगुफेत धरसेनाचार्यांनी दोन मुनींना बोलावून आपल्याजवळचं श्रुत शिकवलं, आणि पुष्पदंत-भूतबलींनी ते षट्खंडागमात लिहून काढलं. ते पूर्ण झालं तो हा दिवस. तोवर सगळं कानातून कानात चालत आलं होतं. ऐकणारे कमी होत चालले, म्हणून लिहिलं. लहानपणी सोलापूरला हे इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यात घाबरण्यासारखं काही आहे हे तेव्हा लक्षातच यायचं नाही. एका म्हाताऱ्या आचार्यांच्या डोक्यात जे आहे ते त्यांच्याबरोबर जाणार, ही ती भीती.

यंदा श्रुतपंचमीला माझ्या बहिणीचा मुलगा पुण्याहून आला होता. नोकरी सांभाळून तो मराठी विकिपीडिया आणि विकिस्रोतावर काम करतो. कुणी पैसे देत नाही, तरी रात्री जागून करतो. (त्याची आई म्हणते, एवढ्या वेळात लग्न तरी ठरलं असतं.) अल्पोपहाराच्या वेळी त्याची नजर आमच्या वह्यांवर पडली.

वह्यांबद्दल आधी सांगायला हवं. मंडळाकडे चौदा वह्या आहेत. सगळ्यात जुनी माझ्या सासूबाईंची, निळ्या शाईतली, कडा तपकिरी झालेली. त्यांत स्तवनं आहेत, आरत्या आहेत, पाळणे आहेत, लग्नातली गाणी आहेत, पूजेला काय काय मांडायचं त्याच्या याद्या आहेत, अठाईच्या पारण्याला पहिल्या दिवशी पोटात काय जाऊ द्यायचं तेही आहे. एका बाजूला गुजराती, एका बाजूला मराठी, मध्येच धोब्याचा हिशोब. कित्येक गोष्टी कुठल्याच छापील पुस्तकात मिळायच्या नाहीत. भाचा म्हणाला, "मावशी, ह्याचे फोटो काढू दे. मुक्त परवान्याखाली ठेवू. जगात कुणालाही वाचता येईल."

मुक्त म्हणजे काय, हे त्याने दोनदा समजावलं. आपण बी.कॉम., त्यामुळे करार म्हटला की मी अटी विचारते. अटी अशा: कुणीही वाचावं, उतरवून घ्यावं, छापावं, बदलावं, आणि हो, विकावंसुद्धा. मूळ कुणाचं ते नाव द्यायचं, आणि बदलून काही केलं तर तेही ह्याच अटींवर पुढे द्यायचं. एकदा दिलं की परत घेता येत नाही. "फक्त धंद्यासाठी नको" अशी अट घालून बघितली. तो म्हणाला, तसेही परवाने आहेत, पण मग ते विकिपीडियावर चालत नाही.

मंडळात एकच गलका झाला. एक भाभी म्हणाल्या, लोक मोबाइल न्हाणीघरात नेतात, चपला घालून वाचतात, जेवताना उष्ट्या हाताने चाळतात, ही आशातना कुणाच्या माथी? दुसऱ्या बेन म्हणाल्या, उद्या कुणी छापून पन्नास रुपयाला विकलं तर? आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या बा नुसत्या म्हणाल्या, "मारी वही छे." माझी वही आहे. त्यावर कुणालाच काही बोलता येईना.

समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा मी त्यांना मूडबिद्रीची गोष्ट सांगितली. तुमच्यातल्या काही जणींना ती माहीत असेल, पण पुन्हा सांगते, कारण पुढे तिचं काम आहे.

षट्खंडागमावरची वीरसेनाचार्यांची धवला टीका, आणि जयधवला, महाधवला, ह्यांच्या ताडपत्रांच्या पोथ्या कर्नाटकात मूडबिद्रीच्या सिद्धान्त बसदीत होत्या. दुसरीकडे कुठेही नव्हत्या. यात्रेकरू जायचे, लांबून दर्शन घ्यायचे, डोकं टेकवायचे, परत यायचे. वाचायचं कुणी नाही. १८८३ मध्ये मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यात्रेला गेले, आणि पोथ्यांची अवस्था बघून त्यांचा जीव कासावीस झाला. (मगनबाईंचे वडील. मुंबईचं श्राविकाश्रम आठवा.) त्यांनी सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींना हे कळवलं. मी ज्या कॉमर्स कॉलेजात शिकले त्याला ह्यांचंच नाव आहे. तीन वर्षं त्या पाटीखालून ये-जा केली, पण ते कोण होते हे मला लग्नानंतर कळलं. असो.

ह्या दोघांनी वर्षानुवर्षं मूडबिद्रीच्या पंचांची मनधरणी केली. पंचांचंही म्हणणं चुकीचं नव्हतं. आम्ही सांभाळलं म्हणून राहिलं, बाहेर गेलं की आमच्या हातात काय राहणार? शेवटी नक्कल करायला परवानगी मिळाली, पण नक्कलही तिथेच राहायची, गावाबाहेर न्यायची नाही. १८९६च्या सुमारास काम सुरू झालं आणि पंचवीसेक वर्षं चाललं. नक्कल करणाऱ्यांत मिरजेचे गजपती शास्त्री होते. दिवसा बसदीत नक्कल करायची, आणि घरी गुपचूप आणखी एक कन्नड प्रत लिहायची. ह्या चोरट्या प्रतीच्या कामात त्यांना त्यांच्या पत्नीची, लक्ष्मीबाईंची, मदत होती.  त्या काळात, बायांनो!

ती प्रत पुढे सहारनपूरला गेली, तिथे तिची नागरी प्रत झाली. ती करणाऱ्या पंडितांनीही एक प्रत स्वतःजवळ ठेवली, आणि तिच्यावरून आणखी प्रती निघून ठिकठिकाणी पोचल्या. त्यांच्या आधाराने अमरावतीच्या प्राध्यापक हीरालाल जैनांनी १९३९ मध्ये षट्खंडागमाचा पहिला भाग छापला. पुढे एकूण सोळा भाग निघाले. सुरुवातीला कडक विरोध झाला. मग मूडबिद्रीनेच मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून बघायला दार उघडलं. आमच्या सोलापूरच्या पंडिता सुमतीबाई शहांनीही पुढे षट्खंडागमाचं संपादन केलं. ज्या पोथीला बायकांनी लांबून हात जोडायचे, तिच्यावर एका बाईने काम केलं.

मी म्हटलं, बघा, कुलूप लावलेलं ज्ञान वाळवीच्या मालकीचं. आपल्या चार दानांत शास्त्रदान आहे, त्यात घेणाऱ्याने पाय धुतले होते का हे कुणी विचारत नाही. हळदीचंही सांगितलं. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं होतं. डॉक्टर माशेलकर सीएसआयआरचे प्रमुख असताना त्या संस्थेने जुने लेखी पुरावे पुढे केले, आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आजीच्या तोंडी असलेलं ज्ञान तिथे उपयोगी पडलं नाही, लिहिलेलं आणि छापलेलं उपयोगी पडलं. ह्या मुद्द्यावर सगळ्या जणी हलल्या. शेवटी बासुद्धा म्हणाल्या, "फोटो काढ, पण वही मला परत."

मग दोन दुपार आम्ही वह्या चाळत बसलो. मी एका मोठ्या कागदावर रकाने पाडले. जुनं, कर्ता माहीत नाही, ते द्यायचं. आपण स्वतः रचलेलं, तेही द्यायचं. हयात महाराजांनी किंवा कवींनी रचलेलं, ते त्यांना विचारल्याशिवाय नाही. कवी वारले असतील तर त्यानंतर साठ वर्षं झाली का ते बघायचं. आणि चौथा रकाना सगळ्यात मोठा निघाला: सिनेमाच्या चालीवरची भजनं! शब्द आमचे, चाल दुसऱ्याची. इतक्या वर्षांत आम्ही किती चाली फुकट वापरल्या, ह्याचा हिशोब तेव्हा पहिल्यांदा झाला. आम्ही खूप हसलो. ते हसू तिथेच ठेवते, कारण ह्याच्यापुढे मला हसायला आलेलं नाही.

भाचा खुशीत होता. म्हणाला, मावशी, तुला समजावता येतं, आता मला तलासरीला घेऊन चल.

तलासरीकडची एक बाई वर्षानुवर्षं आमच्या दारात आंबे, जांभळं, भाजी घेऊन येते. तिची सासू धवलेरी आहे. तुमच्यापैकी ज्या लांब राहतात त्यांच्यासाठी सांगते: वारल्यांच्या लग्नात चौक लिहितात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, मध्ये पालघट देवी. तो सवाष्णी लिहितात, आणि धवलेरी बसून गाते. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. आपण ज्याला वारली पेंटिंग म्हणतो ते मुळात हे, बायकांच्या हातचं. कागदावर आलं ते १९७०च्या दशकात, आणि आमच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशेंनी ते जगभर नेलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रांचं नाव झालं, गाणी मात्र तिथेच राहिली. आणि धवलेरी आता थोड्याच उरल्यात, असं तीच भाजीवाली सांगत होती. मला लगेच चंद्रगुफा आठवली. म्हटलं, हे तर पुण्याचं काम.

पाऊस यायच्या आधी, एका दुपारी गेलो. पाडा महामार्गापासून बराच आत आहे. मी नेहमीप्रमाणे गाळलेल्या पाण्याची बाटली घेतली होती. त्यांनी तांब्या पुढे केला तेव्हा मी बाटली दाखवली, आणि दाखवताना मला ओशाळल्यासारखं झालं. आपले नियम आपल्या जागी ठीक आहेत, पण मागायला गेलेल्या माणसाने पाणीसुद्धा न घेणं समोरच्याला कसं दिसत असेल?

म्हातारी ओसरीवर बसली होती. नात बारावीला आहे, चुणचुणीत. तिने मधे बसून सगळं आजीला त्यांच्या बोलीत सांगितलं. आधी इकडचं तिकडचं बोलणं झालं. गाणं कसं शिकलात, असं मी विचारल्यावर म्हातारी बोलता बोलता गुणगुणायला लागली, आणि मग डोळे मिटून बराच वेळ गायली. शब्द मला फारसे कळले नाहीत. चाल एकाच जागी फिरत होती, जात्यासारखी. भाच्याचा मोबाइल बाजेवर पालथा ठेवलेला होता.

मग त्याने फॉर्म काढला. नाव, गाव, मी हे गाणं अमुक परवान्याखाली देत आहे, वगैरे. त्याने प्रामाणिकपणे एकेक अट वाचली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. नातीने मधेच थांबवलं.

"म्हणजे आजीच्या गाण्यावर कुणी अल्बम काढला आणि पैसे कमावले, तर चालेल?"

"हो. पण तिचं नाव द्यावं लागेल."

"आणि नाही दिलं तर?"

भाचा म्हणाला, तक्रार करता येते. नात म्हणाली, "कुठे? तलासरीत?"

मग तिने जे सांगितलं ते मी इथे राहून रोज बघते, पण तसा विचार केला नव्हता. साड्यांवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर सगळीकडे वारली. काढणारा कुणीही, मशीनसुद्धा. वारली चित्रांना जीआय मिळालं आहे, आदिवासी तरुणांच्याच संस्थेने खटपट करून ते आणलं. तरी मी स्वतः गेल्या वर्षी मुंबईच्या प्रदर्शनातून वारली नक्षीचे सहा टेबलमॅट आणले. कुणी काढलेत हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्या चार रकान्यांत ते कुठे बसतात?

भाच्याला पुण्यात कुणीतरी सांगितलं होतं की वयस्कर माणसं सही करत नाहीत, शाईचा पॅड घेऊन जा. त्याने पिशवीतून पॅड काढला आणि झाकण उघडून फॉर्मशेजारी ठेवला. म्हातारीने हात पदराखाली घेतला.

"अंगठा नाय," एवढंच म्हणाली.

आम्ही गप्प. थोड्या वेळाने ती माझ्याकडे बघून बोलली. आवाजात राग नव्हता, हे मला आजही जास्त लागतं. म्हणाली, शेठाणी, तुमच्या म्हाताऱ्या शेठच्या दुकानात माझ्या सासऱ्याने अंगठा दिला होता. लग्नासाठी. मग किती पावसाळे राबला, तो मोजायचा. आम्हाला मोजता येत नव्हतं.

मैत्रिणींनो, लग्नगडी हा शब्द मी गोदूताई परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये वाचला होता. लग्नाला कर्ज घ्यायचं आणि फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा आयुष्यभर, सावकाराच्या किंवा जमीनदाराच्या घरी राबायचं. कधीकधी नवराबायको दोघांनी. १९४५ मध्ये झरीला हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. ते झरी ह्याच तलासरी तालुक्यात आहे. वाचताना मी हळहळले होते. पण पुस्तकातले सावकार मला नेहमी दुसरे कुणीतरी वाटायचे. आमचे आजेसासरे म्हणजे फोटोतले, टोपी घातलेले, मंदिराला पायरी बांधून देणारे.

ती धवलेरी आहे. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. आणि त्या लग्नांपायी अंगठे आमच्या चोपड्यांत पडले. आम्ही गाणं मागायला गेलो तेही अंगठा मागत.

फॉर्म कोराच राहिला. निघताना सून दारापर्यंत आली, पिशवीत आंबे घातले, पैसे घेतले नाहीत.

गाडीत भाचा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, मावशी, रेकॉर्डिंग झालंय. आवाज तपासायला लावलं होतं, ते चालूच राहिलं. पूर्ण गाणं आहे. पारंपरिक गाण्यावर तसा कुणाचा कॉपीराइट नसतो. गाणारीचा हक्क असतो, पण... तो "पण"वर थांबला.

मी पंधरा दिवसांपूर्वी मंडळात लक्ष्मीबाईंची केवढी तारीफ केली होती. पण त्या गोष्टीतला एक भाग मी पटकन पुढे गेले होते, तो आता गाडीत आठवला. गजपती शास्त्री ती गुपचूप केलेली प्रत आधी आणून दाखवत होते कुणाला? माणिकचंद शेठ आणि हिराचंद नेमचंद ह्यांनाच. ज्यांनी ह्या कामासाठी आयुष्य घालवलं, पैसा जमवला, त्या दोघांना. आणि त्या दोघांनी ती घेतली नाही. मूडबिद्रीच्या पंचांना शब्द दिलेला, तो मोडून आलेली वस्तू नको. मला हा भाग नेहमी त्यांचा थोडा वेडेपणा वाटायचा. हातात आलेलं अमृत परत केलं! त्यांनी घेतलं नाही म्हणून ते सहारनपूरला गेलं, आणि आज आपण वाचतो ते तिथून निघालेलं. म्हणजे शब्द पाळणारे मागे राहिले आणि पोथी जगात आली ती शब्द मोडणाऱ्यांमुळे. हे मी कसंही फिरवून बघितलं तरी तसंच राहतं.

फरक एकच दिसतो. मूडबिद्री आणि सोलापूर एकाच धर्माचे, एकाच पंक्तीतले. पोथी दोघांचीही होती. त्या गाण्यात माझं काय होतं?

भाच्याला मी म्हटलं, पुसून टाक. त्याने जात्यावरच्या ओव्यांचं सांगितलं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ ह्यांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि आता त्या पारीवर, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावर, ऐकायला मिळतात. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं. "नसत्या केल्या तर गेल्या असत्या, मावशी." खरं आहे. मी म्हटलं, ते लोक त्या बायांकडे वर्षानुवर्षं गेले. आपण एक दुपार गेलो, बाटलीतलं पाणी पिऊन.

म्हातारीला खोकला आहे. पुढच्या उन्हाळ्यात ती असेलच असं नाही. हे मला त्याही दिवशी माहीत होतं आणि आजही आहे. शेवटी तो गाडी बाजूला घेऊन थांबला, रेकॉर्डिंग नातीच्या मोबाइलवर पाठवलं, आणि माझ्यासमोर स्वतःकडचं पुसलं. घरी पोचेपर्यंत सूर्य मावळला होता. मी जेवले नाही. आमच्या ह्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, उशीर झाला.

मंडळाच्या वह्यांतलं जे द्यायचं होतं ते दिलं. बांची निळ्या शाईतली पानंही गेली. हो, आमच्या बांकडेही निळ्या शाईचीच वही निघाली, सासूबाईंसारखी. दोघी एकाच दुकानातून शाई आणायच्या म्हणे. त्यांच्या नातवाने अमेरिकेत ती उघडून बघितली, आणि बा आता प्रत्येकीला सांगतात की माझी वही अमेरिकेत वाचतात.

पाऊस गेला. आश्विन लागल्यावर एका संध्याकाळी फोन आला. नात. शेठाणी आजी म्हणाली मला. आजीने सांगितलंय म्हणून फोन केला. तुमच्याकडे जुने चोपडे आहेत का? त्यात आमच्या पणजोबांचं नाव असेल, किती दिले, किती लिहिले, कधीपर्यंत. आजीला बघायचंय. फोटो पाठवाल का?

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर कळलं की मी कुणाच्या वतीने हो म्हटलं.

चोपडे माळ्यावर आहेत. लाल कापडात बांधलेले, दरवर्षी दिवाळीला त्यांची धूळ झटकायची आणि परत वर ठेवायचे. ह्यांना सांगितलं तर ते आधी हसले, मग म्हणाले, दुकानाचा हिशोब बाहेर दाखवायचा नसतो. मी म्हटलं, ऐंशी वर्षांपूर्वीच्या हिशोबाला कसलं गुपित? म्हणाले, कुणी काय अर्थ काढील सांगता येत नाही. वर्तमानपत्रात देतील. आजोबांचं नाव जाईल. त्या काळी सगळेच तसं करायचे, आपणच एकटे नव्हतो. आणि मग शेवटी, अगदी आमच्या बांसारखं: "आमचे चोपडे आहेत ते."

मला मंडळातली ती दुपार आठवली. आशातना, उद्या कुणी विकलं तर, माझी वही. तिथे मला किती पटापट उत्तरं सुचत होती. वाळवीचं, चार दानांचं, हळदीचं. ह्यांच्यासमोर एकही सुचेना. चार दिवस मी तो विषय काढला नाही. पाचव्या दिवशी जेवण झाल्यावर मी त्यांना तलासरीची दुपार सांगितली, जी जूनपासून सांगितली नव्हती. पॅडचं सांगितलं. तिने हात पदराखाली घेतला ते सांगितलं. ते उठून गेले.

काल धनतेरसच्या आधीची झाडलोट होती. गडी आला नाही, म्हणून ह्यांनीच शिडी लावली. मी खाली डबे पुसत होते. वरून एक लाल गाठोडं खाली आलं, मग दुसरं. तिसरं त्यांनी हातात धरूनच आणलं आणि पाटावर ठेवलं. गाठ सुटत नव्हती, कात्रीने कापली.

पानं चांगली आहेत. शाई तपकिरी झाली आहे. अक्षर जुनं गुजराती, वरची रेघ नाही, एकमेकांत गुंतलेलं. इतकी वर्षं ह्या घरात आहे, तरी मला ते वाचता येत नाही. ओळींच्या शेवटी मात्र काय आहे ते न वाचताही दिसतं. एकाखाली एक, जांभळे, गोल. एका पानावर मी बारा मोजले. काही पुसट, काही इतके स्पष्ट की रेषा मोजता येतील.

मी मोबाइल आणला. ह्यांनी खुर्ची जवळ ओढली, चष्मा पुसला, बोट पानावर ठेवलं आणि पहिल्या ओळीतलं नाव मोठ्याने वाचलं.